व्हर्च्युअल मिडी : तारेतून काय जातं आणि काय मागे राहतं

(पवनी इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की आज कॉम्प्युटरचा क्लास आहे. थोडासा आहेही. पण मी मुख्यतः टीका करायला उभा आहे, आणि ती टीका गाणं तयार करण्याच्या एका पद्धतीवर आहे. पद्धत अशी की, गाणं आधी स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं, म्हणजे म्यूझस्कोर, सिबेलियस वगैरे. तिथून व्हर्च्युअल मिडीने ते रेकॉर्डिंगच्या वर्कस्टेशनला जोडायचं, म्हणजे रीपर, क्यूबेस, जे असेल ते. वर्कस्टेशनमधल्या वाद्यांकडून ते वाजवून घ्यायचं. आणि जे तयार होईल ते 'ट्रॅक' म्हणून गायकाच्या हाती द्यायचं. एक लॅपटॉप, थोडा खर्च, वादक एकही नाही. भजनी मंडळापासून नाटक कंपनीपर्यंत कुणालाही परवडेल अशी ही गोष्ट आहे.

हे पवनीत बोलायला कारण आहे. आपण झाडीपट्टीत बसलो आहोत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळी आटोपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची बुकिंग होतात, आणि मग गावोगावी रात्र रात्र नाटक चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी झाडीपट्टीचं नाव ऐकलं, पण आपल्याला ते सांगावं लागत नाही. या नाटकात गाणं रंगमंचावर, त्याच वेळी, समोर गायलं जातं. ऑर्गन आणि तबला साथीला बसतात. त्यामुळे ट्रॅक आला तर फक्त आवाज बदलत नाही, कोण बसणार आणि कोण उठणार हेही बदलतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मिडी वाईट नाही. मिडी गाणं वाहून नेत नाही, फक्त सूचना वाहून नेतो, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे करतो. नुकसान दोन ठिकाणी होतं. एक, जे आपण सूचनेत लिहिलंच नाही ते सॉफ्टवेअरच्या ठरावीक सेटिंगवर सोडून देतो. दुसरं, आणि हे जास्त गंभीर, त्या ट्रॅकला आपण साथीदाराच्या जागेवरून उठवून मालकाच्या जागेवर बसवतो.

ही तार कसली?

आधी थोडं तांत्रिक. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. एक सिक्वेन्शियल सर्किट्सचा, एक जपानच्या रोलँडचा. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजला. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही या कामामागची दोन मोठी नावं. मिडी जन्मला तो असा, कीबोर्ड बनवणाऱ्यांच्या घरात. म्हणून त्याची भाषा कीबोर्डची आहे. अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. पट्ट्यांचे नंबर ० ते १२७, जोर ० ते १२७, आणि एका तारेत सोळा चॅनल.

त्या तारेतून आवाज जात नाही, हे नीट लक्षात घ्या. सूचना जाते. आवाज पलीकडच्या वाद्याचा.

व्हर्च्युअल मिडी म्हणजे हीच तार, पण कॉम्प्युटरच्या आत, कल्पनेतली. एक प्रोग्रॅम सूचना पाठवतो, दुसरा घेतो. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये आयएसी ड्रायव्हर नावाची सोय आधीपासून असते, ती फक्त चालू करायची. विंडोजवर बरेच जण लूपमिडी नावाचा छोटा प्रोग्रॅम घालतात. त्यात एक पोर्ट तयार करायचा, त्याला नाव द्यायचं. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला सांगायचं की तुझं आउटपुट या पोर्टवर. वर्कस्टेशनमध्ये ट्रॅक उघडून सांगायचं की तुझं इनपुट या पोर्टवरून. ट्रॅकवर वाद्य लावलं की झालं.

जोडताना तीन चुका हमखास होतात. पहिली, स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा आवाज बंद करायचा राहून जातो, मग प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. दुसरी, वर्कस्टेशन जी सूचना घेतं तीच परत त्याच पोर्टवर पाठवतं. मग सूचना गोल गोल फिरते आणि सगळं गुदमरतं. ये-जा दोन्ही हवी असेल तर दोन वेगळे पोर्ट करावेत. तिसरी चूक लवकर लक्षात येत नाही. इकडे गाण्याची लय ९६ लिहिलेली असते, तिकडे वर्कस्टेशन स्वतःच्या १२० वर उभं असतं. ऐकायला सगळं ठीक लागतं, कारण सूर वेळेवर येतात. पण रेकॉर्ड झालेल्या पट्टीवर मात्रा आणि खुणा जुळत नाहीत, आणि पुढची दुरुस्ती अशक्य होऊन बसते. दोन्हीकडे एकच लय ठेवा, नाहीतर मिडी क्लॉक वापरून एकाला दुसऱ्याच्या मागे चालवा.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा या तारेची गरजच नसते. गाणं पक्कं झालं असेल तर मिडी फाइल काढून वर्कस्टेशनमध्ये टाकली की काम भागतं. तारेचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा लिहिता लिहिता चांगल्या वाद्यांत ऐकायचं आहे, एक सूर बदलला की लगेच कानाने तपासायचा आहे. ती तालमीची वस्तू आहे. हे वाक्य धरून ठेवा, पुढे लागेल.

भीमपलासचा गंधार

आता मुद्द्यावर. भीमपलासची एक साधी जागा घ्या. नि सा ग म, म ग रे सा. गंधार आणि निषाद कोमल. सा म्हणजे ६० नंबरची पट्टी धरू. मग तारेतून जातं ते असं : ५८, ६०, ६३, ६५ आणि परत ६५, ६३, ६२, ६०. आठ वेळा दाबलं, आठ वेळा सोडलं.

यात भीमपलास आहे का? ज्याने चार दिवस शिकलं आहे त्याला माहीत आहे की इथला गंधार असा सरळ उभा राहत नाही. तो मध्यमाला स्पर्श करून येतो, मध्यमाकडून खाली ओघळतो. ६५ पासून ६३ पर्यंतचा जो रस्ता आहे तो राग आहे. तारेला दोन मुक्काम सांगितले, रस्ता सांगितलाच नाही.

भातखंड्यांनी स्वरलेखन बसवलं तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी कणस्वर लहान अक्षरात वर लिहिला, मींडेसाठी वर कमान काढली. ती कमान बघून गाणारा काय करतो? गुरूकडून ऐकलेलं आठवतो. म्हणजे ते लेखन जाणत्या माणसासाठी होतं, उरलेलं तो भरणार हे गृहीत धरून केलेलं. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही अशी कमान काढली तर बहुतेक वेळा ती फक्त कागदावर दिसते, किंवा तिचा अर्थ 'सूर जोडून वाजवा' एवढाच लागतो. पलीकडे बसलेल्या वाद्याला गुरू नाही.

आपल्या पवनीच्या स्तूपांचं उत्खनन १९६९-७० मध्ये झालं, तेव्हा दगडांवर ब्राह्मीतले लेख मिळाले, दान देणाऱ्यांची नावं मिळाली. ती नावं आज वाचता येतात. पण तो दाता स्वतःचं नाव कोणत्या हेलात घ्यायचा, ते दगडात नाही. त्यासाठी कुणी दगडाला दोष देत नाही. मिडीलाही देऊ नये. अडचण तेव्हा, जेव्हा आपण कोरलेल्या अक्षरांनाच बोलणं समजतो.

मग मींड पाठवता येत नाही का? येते. मिडीत पिच बेंड नावाची सूचना आहे, तिला १६,३८४ पायऱ्या आहेत. कानाला कळणार नाही इतकी बारीक. भीमपलासात ६५ दाबून ठेवायचा आणि बेंडने हळूहळू दोन अर्धस्वर खाली आणायचं, की ६३ वर पोचलो. पण इथे दोन अटी आहेत. पाठवणारा आणि घेणारा यांची बेंडची मर्यादा एकच हवी. साधारणपणे ती वर-खाली दोन अर्धस्वर असते. घेणाऱ्या वाद्यात ती बारा असेल, तर तुमची मींड सहापट लांब जाऊन भलत्याच सप्तकात पडेल. दुसरं, बेंड पूर्ण चॅनलला लागतो. ज्या चॅनलवर गाण्याची ओळ, त्याच चॅनलवर ऑर्गनचे भरणीचे सूर असतील, तर मींडेबरोबर सगळा ऑर्गन घसरतो. म्हणून ओळीला वेगळा चॅनल, भरणीला वेगळा.

सुराच्या जागेचंही तसंच. मिडीच्या पट्ट्या आपोआप समान अंतराच्या बारा सुरांवर बसतात. सप्तकाचे १२०० भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर शुद्ध गंधार ४०० वर येतो. तानपुरा नीट लावला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास असतो. चौदा सेंटचा फरक. एकट्या पट्टीवर तो कुणाला खटकणार नाही. तानपुऱ्यासोबत लांब धरला की खटकतो. वर्कस्टेशनमधली अनेक वाद्यं वेगळी स्वरजुळणी घेतात, तक्ता भरावा लागतो एवढंच. बारा सुरांचा तक्ता भरायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आपण देत नाही, आणि मग म्हणतो की कॉम्प्युटरला आपलं संगीत जमत नाही!

वाद्यांच्या यादीचीही एक गंमत सांगतो. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाने १२८ वाद्यांची एक ठरावीक यादी झाली. त्यात सतार आहे, सनई आहे. तबला नाही, आपली पेटी नाही. तालवाद्यांची वेगळी यादी आहे, तिच्यात बोंगो आणि कोंगा आहेत, पण तबला नाही, ढोलकी नाही. पेटीच्या जवळचं असं एक नाव आहे, 'रीड ऑर्गन'. म्हणजे आपल्या नाट्यसंगीताचा पायपेटीचा ऑर्गन त्यात परक्या नावाने हजर आहे, पण त्याच्या शेजारी बसायला तबलजी नाही. तबल्याचे सॅम्पल वेगळे घालावे लागतात, आणि कोणती पट्टी म्हणजे 'धा' आणि कोणती म्हणजे 'तिं', याचं प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. एका सॅम्पलसाठी लिहिलेला ठेका दुसऱ्यावर टाकला की केरव्याचा काला होतो. (हशा)

पेटीवर हे सगळं बोलून झालं आहे

इथे कुणी म्हणेल, अहो, हेच आक्षेप हार्मोनियमवर घेतले गेले होते. बरोबर आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून वाद रंगले. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. आणि तरी पेटी गेली नाही. तर मग मिडीलाही लोक सरावतील, असा हा युक्तिवाद.

मला तो अर्धा पटतो. पटतो तो असा : १९११ चं 'मानापमान' घ्या. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे हे नामांकित पेटीवादक. बारा पट्ट्यांच्या वाद्यावर हात असलेल्या माणसाने मराठी रंगभूमीला सर्वांत लाडक्या चालींपैकी काही दिल्या. म्हणजे बारा पट्ट्यांनी चाल मरते, हे खरं नाही.

पण उरलेला अर्धा पटत नाही, कारण पेटी कधीही गायकाच्या पुढे चालली नाही. पेटीवाला गायकाचा श्वास बघतो, तो थांबला की भरतो, तो उडाला की मागून जातो, तो विसरला की ओळ उचलून देतो. सूर पेटीचा थोडा इकडेतिकडे असला तरी निर्णय गायकाचा असतो. ट्रॅकचं उलट आहे. ट्रॅक ठरल्या क्षणी समेवर येतो, तुम्ही आलात तर आलात. पेटी आणि ट्रॅक यांची बरोबरी करणाऱ्यांनी सुराची तुलना केली, लगामाची केली नाही.

संगीत नाटकातला 'वन्स मोअर' आठवा. प्रेक्षक ओरडतो, नट साथीदारांकडे बघतो, तबलजी मान हलवतो, आणि पद पुन्हा मुखड्यावरून सुरू होतं. कधी दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा सावकाश गातो, कारण आता घाई नाही, सभा त्याच्या हातात आहे. गंधर्व मंडळीत थिरकवाँसाहेब तबल्याला बसत ते एका ठरलेल्या गतीचे ठोके मोजायला नव्हे. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधून जे येतं त्यात प्रत्येक मात्रा आधीच सरळ रेषेत उभी असते. तिला वन्स मोअर कळत नाही. पुढच्या रांगेतली म्हातारी डोळे पुसते आहे हेही कळत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकाचं बळ नेमकं इथे आहे. थंडीत उघड्यावर हजारो माणसं रात्रभर बसतात ती गाणं कानावर पडावं म्हणून नाही, ते तर मोबाइलमध्येही आहे. समोरचा माणूस आपल्यासाठी गातो आहे म्हणून बसतात. तिथे ट्रॅक लावून नट ओठांवर गाणं बसवायला लागला, की वाचलेला पैसा दोन वादकांच्या मानधनाएवढा, आणि गेलेली गोष्ट म्हणजे लोक ज्यासाठी आले होते ती.

मग करायचं काय?

नुसती टीका करून मी जाणार नाही. ही जोडणी कुठे उपयोगी आहे ते सांगतो.

तालमीला ती फार चांगली आहे. नायिकेचं काम करणारी बाई ऐनवेळी बदलली, पहिली काळी चारमध्ये गात होती, दुसरी काळी दोनमध्ये गाते. रेकॉर्ड केलेला आवाज इतका खाली ओढला तर घोगरा होतो. मिडीत एक आकडा बदलला की सगळं गाणं नव्या पट्टीत, आवाज शाबूत. नवीन ऑर्गनवाल्याला चाल पाठ करायला, चार सुरांची भरणी ऐकून बघायला, दिग्दर्शकाला पार्श्वसंगीताचा अंदाज द्यायला याच्यासारखं साधन नाही.

ट्रॅक करायचाच असेल तर क्रम उलटा करा. आधी गायक आणि तबलजी यांना एकत्र बसवून रेकॉर्ड करा, मेट्रोनोमशिवाय. मग वर्कस्टेशनमध्ये त्यांच्या मात्रांवर खुणा करून लयीचा नकाशा तयार करा. आणि मग तारेतून आलेले सूर त्या नकाशावर बसवा. मिडीचे सूर मात्रेला बांधलेले असतात, नकाशा हलला की ते हलतात. म्हणजे यंत्र माणसाच्या मागे चाललं. काम तेवढंच आहे, फक्त पहिलं कोण हे बदललं.

रंगमंचावर लावायचं असेल तर सलग गाणं लावू नका. मुखडा, अंतरा, मधलं संगीत असे तुकडे करा आणि पायाच्या बटनावर घ्या. कीबोर्डवाला समोर बघत बसेल, वन्स मोअर आला की मुखड्याचं बटन. तबला मात्र माणसाकडे ठेवा. माझ्या मते ही तडजोडीची शेवटची पायरी आहे, याच्या खाली उतरू नये.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आमच्या गावातल्या पोरांकडे गुरू नाही, मोबाइल आणि लॅपटॉप आहे. त्यांनी हे करू नये का?*

जरूर करावं. नि सा ग म लिहून तारेतून पाठवावं, ऐकावं, आणि मग त्याच चार सुरांचं एखाद्या चांगल्या गायकाचं रेकॉर्डिंग ऐकावं. दोन्हीत काय वेगळं आहे ते वहीत लिहावं. जे वेगळं सापडेल ते शिकायचं. यंत्राला जे जमलं नाही त्याची यादी म्हणजे त्या पोराचा अभ्यासक्रम झाला.

*प्रश्न : बावीस श्रुतींची पेटी आज मिळते. मग सॉफ्टवेअरमध्ये बावीस श्रुती घातल्या तर तुमचा आक्षेप संपेल का?*

डॉ. विद्याधर ओक यांनी तशी पेटी केली आहे, आणि सॉफ्टवेअरमध्येही सुराची जागा हवी तिथे नेता येते. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात एकेका सुराला स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय आहे. म्हणजे सुराबद्दलचा माझा आक्षेप सुटत जाईल, आणि सुटावा. पण लयीचा आणि निर्णयाचा आक्षेप श्रुतींनी सुटत नाही. अगदी अचूक गंधार लावलेला ट्रॅक गायकासाठी थांबत नसेल, तर झाडीपट्टीच्या रंगमंचावर मी अजूनही थोडा बेसूर ऑर्गन आणि जागा असलेला ऑर्गनवाला घेईन.

*प्रश्न : कंपनीवाले म्हणतात, वादकांचा खर्च झेपत नाही.*

त्यांची अडचण खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की हिशोब पूर्ण मांडा. एका बाजूला मानधन लिहिता, तर दुसऱ्या बाजूला हेही लिहा की पुढच्या हंगामात ते गाव तुम्हाला कशासाठी बोलावणार. ट्रॅक तर त्या गावातला पोरगाही लावू शकतो. बोलावतात ते तुमच्या गाणाऱ्याला आणि त्याच्यामागे बसलेल्या दोघांना.

वेळ झाली आहे. ज्यांना जोडणी प्रत्यक्ष बघायची आहे त्यांनी पुढे या, लॅपटॉप उघडाच आहे.